पॅलचा टीव्ही, भलतंच घड्याळ : वाचकांचे प्रश्न

जुन्या कन्सोलसाठी (गेमच्या यंत्रांसाठी) घरी बसून नवा गेम लिहिणं, या विषयावर प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं की 'अमका गेम फुकट कुठे मिळेल' असलीच पत्रं येतील. तीही आली. ती बाजूला ठेवली आहेत आणि तिथेच राहतील. ज्यांनी स्वतः हात घातला आणि मग अडले, त्यांना या अंकात जागा दिली आहे, आणि योगायोगाने सगळी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. मी दिवसा महापेच्या एमआयडीसीत छोट्या कंट्रोलरसाठी फर्मवेअर लिहिते, त्यामुळे उत्तरांत कामावरची भाषा डोकावेल. चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. मला गेमबॉयसाठी (हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) गेम करायचाय. कॉलेजात सी नुकतंच सुरू झालंय. मी जीबी स्टुडिओ उघडला की दादा हसतो. म्हणतो, माउसने ठोकळे सरकवणं म्हणजे प्रोग्रामिंग नाही, करायचं तर जीबीडीकेमध्ये (सी भाषेत गेमबॉयचे गेम लिहायचं किट) कर. लॅपटॉप त्याचा, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. काय करू?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : दादाला सांग, जीबी स्टुडिओच्या पोटात जीबीडीकेच आहे. तू ठोकळे जोडून बटण दाबतेस तेव्हा शेवटी खऱ्या गेमबॉयवर चालणारी रॉमच, म्हणजे कॅसेटीत जाणारी फाइलच, तयार होते. ख्रिस माल्टबीने ते २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्यावर केलेले गेम लोक कॅसेटमध्ये घालून विकतातही.

पण तुझा गेम कसला आहे ते तू लिहिलं नाहीस, आणि खरं उत्तर त्यावरच आहे. पात्र गावात फिरतं, लोकांशी बोलतं, दार उघडतं, किल्ली शोधतं, असं असेल तर डोळे मिटून जीबी स्टुडिओ घे. वरून काहीतरी कोसळतंय, पटावर सोंगट्या सरकतायत, एकाच वेळी वीस गोळ्या उडतायत, असं असेल तर तिथे ठोकळ्यांशी झटापट करण्यापेक्षा सीमध्ये सरळ लिहिलेलं बरं.

स्टुडिओत पहिली अडचण चित्रांची येईल. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांचे (टाइलचे) २० स्तंभ आणि १८ ओळी : ३६० घरं. पण एका दृश्याच्या पार्श्वभूमीला वेगवेगळ्या टाइल मिळतात १९२. म्हणजे जवळजवळ निम्मा पडदा पुनरावृत्तीतून भरायचा. फोटो घेऊन लहान केलास तर हे कधीच जमणार नाही. विटा, कौलं, गवत, फरशी, असंच चित्र रचावं लागतं. शिवाय चित्रात चारच छटा : हेक्समध्ये ०७१८२१, ३०६८५०, ८६सी०६सी आणि ई०एफ८सीएफ. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेव, नाहीतर मधल्या छटा घुसतात आणि स्टुडिओ त्या स्वतःच्या मर्जीने ढकलून मोकळा होतो.

सीकडे वळलीस तर एक गोष्ट आत्ताच कानावर घालते : या प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराची सूचनाच नाही. तू भागिले १० लिहिलंस की कंपायलर मागे वळसा घालून ते काम करतो आणि वेळ खातो. स्कोअर दाखवायला दर फ्रेमला १० ने भागत बसू नकोस. एकक, दशक, शतक वेगळ्या चलांत ठेव, आणि ९ च्या पुढे गेलं की हातचा पुढे दे. दुसरीत शिकवलेली बेरीज इथे कामाला येते. आणि चल शक्यतो ८ बिटांचे, बिनचिन्हाचे घे.

प्रश्न : वय ३८. माळ्यावरून लहानपणीचा टीव्ही गेम काढला, पिवळ्या कॅसेटींसकट, आणि तो चक्क सुरू झाला! मग सीए६५ हा असेम्ब्लर घेऊन असेम्ब्लीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) त्याच्यासाठी एक गेम लिहिला : खाडी, फ्लेमिंगो आणि मधूनच येणारी बोट. आपल्याकडचे टीव्ही पॅल (सेकंदाला ५० फ्रेमच्या पद्धतीचे), म्हणून मेसेन इम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) रीजन पॅल ठेवलं, सुरांचं टेबलही पॅलचंच घेतलं. तिथे झकास चालतो. फ्लॅश कॅसेटवरून (आपला गेम भरता येतो अशी कॅसेट) खऱ्या मशीनवर टाकला तर तीन तऱ्हा. एक, लाटांच्या पाच ओळी मी दर फ्रेमला नव्याने लिहितो, तिथे पडदा थरथरतो आणि भलत्याच टाइल उगवतात. दोन, आई पेटी वाजवते. ती म्हणाली, कॉम्प्युटरवर हे काळी एकमध्ये होतं, आता पांढरी दोनमध्ये वाजतंय. तीन, कधी कधी गेम थेट तिसऱ्या पातळीवरच सुरू होतो. मशीन म्हातारं झालं असं समजू का? लाटा लिहिणारा लूप सोबत जोडला आहे.
— एक आयटीवाला, नेरूळ

उत्तर : मशीनला बोल लावू नका. आणि आईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या पत्रातला सगळ्यात पक्का पुरावा त्यांनी दिलाय.

तुमच्या टीव्ही गेमचं मूळ म्हणजे निन्टेंडोचा फॅमिकॉम, तो १९८३ मध्ये जपानात आला. तिथले टीव्ही एनटीएससी, सेकंदाला ६० फ्रेम, प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झ. पुढे कंपनीने पॅल देशांसाठी जे अधिकृत यंत्र काढलं त्यात प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर आणला आणि आतली गणितं बदलली. मेसेनमधलं 'पॅल' म्हणजे हे यंत्र. पण आपल्या घरांत आलं ते हे नव्हेच. आपल्याकडे आले ते क्लोन, म्हणजे नकला. क्लोनवाल्यांना जपानी कॅसेटी ५० फ्रेमच्या टीव्हीवर होता होईल तो जशाच्या तशा चालवायच्या होत्या. त्यांनी टीव्हीला हव्या तेवढ्या ३१२ रेषा दिल्या, पण प्रोसेसर आणि चित्राची चिप यांचं जपानी गुणोत्तर, एकास तीन, तसंच ठेवलं. घड्याळ आलं १.७७ मेगाहर्ट्झ. या जातीला इम्युलेटरमध्ये 'डेंडी' म्हणतात, रशियात १९९०च्या दशकात गाजलेल्या अशाच एका क्लोनवरून. मेसेनच्या रीजनच्या यादीत पॅलच्या शेजारीच आहे.

आता पेटी. या मशीनचा चौकोनी लहरींचा आवाज प्रोसेसरच्या घड्याळाला भागून तयार होतो : घड्याळ भागिले १६, भागिले तुमच्या टेबलातला आकडा अधिक एक. ४४० हर्ट्झ हवे असतील तर पॅलच्या टेबलात आकडा असतो २३५. तोच २३५ तुम्ही १.७७ च्या मशीनला दिलात की येतात ४७०च्या आसपास. म्हणजे अर्ध्या स्वराहून किंचित जास्त चढ. काळी एकची पांढरी दोन, अगदी बरोबर. टेबल एनटीएससीचं घाला. त्यात या सुराला आकडा आहे २५३, आणि तुमच्या मशीनवर ४३६ पडतील. हा फरक आईंना पेटी शेजारी धरल्याशिवाय लागू नये, आणि लागलाच तर मला कळवा, मला त्यांची गाठ घ्यायची आहे.

ताल मात्र वेगळा. गाणं वाजवणारा कोड दर फ्रेमला एकदा हलतो, तेव्हा ६० फ्रेम धरून बांधलेली चाल ५० वर रेंगाळते. दर पाचव्या फ्रेमला तो कोड दोनदा हलवा, हिशोब परत ६० वर येतो.

थरथरणाऱ्या लाटांचं मूळही तेच. पडदा रंगवून झाला की पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत चित्राच्या चिपला थोडी उसंत असते, आणि $२००७ मध्ये (चित्राच्या मेमरीत बाइट पोचवणाऱ्या पत्त्यावर) लिहायचं ते त्या उसंतीतच. अधिकृत पॅल यंत्रात ही उसंत ७० रेषांची, प्रोसेसरच्या हिशोबात साधारण ७,४५९ सायकल (घड्याळाचे ठोके). डेंडीत रेषा तितक्याच असल्या तरी वाटणी निराळी आहे : २४० दिसणाऱ्या, मग ५१ नुसत्या रिकाम्या, आणि त्यानंतर कुठे एनएमआयची (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्याची) घंटा होते. घंटेनंतर उरतात २० रेषा, म्हणजे २,२७३ सायकल. जपानी यंत्राइतक्याच. क्लोनवाल्यांनी हे मुद्दाम केलं, कारण जपानी कॅसेटींचा कोड तेवढ्याच वेळाच्या अंदाजाने बांधलेला होता.

तुमचा लूप पाहिला. बाइट उचला, $२००७ ला द्या, एक्स वाढवा, तुलना करा, मागे उडी : ४, ४, २, २, ३, एकूण १५ सायकल एका बाइटला. पाच ओळी, ओळीला ३२ टाइल, म्हणजे १६० बाइट. १५ गुणिले १६० झाले २,४००. त्याआधी $४०१४ वरून स्प्राइटचा (हलत्या चित्रांचा) डीएमए, म्हणजे त्यांची माहिती एकगठ्ठा चिपला पाठवणं, तो ५१३-५१४ खातो. २,९०० च्या वर गेलात. पॅलच्या ७,४५९ मध्ये ते आरामात बसलं, तुमच्या माळ्यावरच्या मशीनच्या २,२७३ मध्ये नाही. रंगकाम सुरू झाल्यावरही तुम्ही लिहीत राहता. चिप तोच पत्ता पडदा काढायला वापरत असते, म्हणून टाइल भलतीकडे पडतात आणि स्क्रोलही हलतो.

उपाय दोन. पहिला सरळसोट : लूप उलगडा. सीए६५ मध्ये .रिपीट आहे, त्याने 'एलडीए बफर अधिक आय, एसटीए $२००७' ही जोडी १६० वेळा छापून घ्या. तुलना नाही, उडी नाही, बाइटला ८ सायकल, एकूण १,२८०. डीएमए धरून १,७९४. रजिस्टर जपायला, पत्ता लावायला आणि शेवटी $२००५ मध्ये स्क्रोल पूर्ववत करायला जागा उरते. कोड ९६० बाइटांचा होतो, पण ३२ केबीच्या रॉममध्ये तेवढं कोण विचारतंय.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. लाटांसाठी टाइल हलवूच नका. पाण्याच्या टाइल तीन रंगांच्या पट्ट्यांनी काढा आणि दर काही फ्रेमनी पॅलेटमधले ते तीन रंग गोल फिरवा. तीन बाइट लिहून सगळी खाडी हलते. फ्लेमिंगोंसाठी वेगळं पॅलेट असतंच, त्यांचा गुलाबी जागेवर राहतो.

तिसरी पातळी हे मात्र वेगळं दुखणं आहे, त्याचा रीजनशी संबंध नाही. मशीनला २ केबी रॅम, आणि चालू केल्यावर तिच्यात काय असेल याची हमी नाही. तुम्ही पातळीच्या चलात सुरुवातीला शून्य टाकत नसणार. इम्युलेटर मेमरी सफाचट करून देत होता, म्हणून निभावलं. रीसेट होताच सगळी रॅम शून्याने भरा, चित्राच्या चिपला जागं व्हायला दोन उसंती जाऊ द्या, मग पुढचं. आणि मेसेनमध्ये रॅमची सुरुवातीची स्थिती 'रँडम' ठेवा, असले घोटाळे तिथेच उघडे पडतील.

आता हे सगळं करण्याआधी करायचं काम, जे मी शेवटी सांगतेय : मोजा. क्लोन सगळे एका साच्यातले नाहीत, काही सरळ ६० फ्रेमचेही निघतात, तेव्हा माझ्याही शब्दावर जाऊ नका. एका एनएमआयपासून दुसऱ्यापर्यंत ११ सायकलांचा एक छोटा लूप (आयएनएक्स, बीएनई, सीएमपी, बीईक्यू) किती वेळा फिरतो ते १६ बिटांत मोजा. एनटीएससीवर २,७०७ च्या आसपास, पॅलवर ३,०२२, डेंडीवर ३,२२४. वरच्या बाइटमध्ये अनुक्रमे १०, ११, १२ दिसतील. तो एक आकडा पडद्यावर छापलात की तुमचं मशीन कोणत्या घराण्याचं ते कळलं. हाच तुकडा गेममध्येही राहू द्या, म्हणजे तुमचा अमेरिकेतला एखादा भाऊबंद त्याच्या यंत्रावर लावेल तेव्हा गाणं आपोआप बरोबर वाजेल.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक. नातू जीबी स्टुडिओत गेम करतो. त्याच्या गेममधली आजी इंग्रजीत बोलते, हे मला काही पटत नाही. आलेख वहीवर ८ बाय ८ च्या चौकटीत देवनागरी बसवायचा खटाटोप करतो आहे. 'की' आणि 'कू' बसवले की मधला 'क' ओळखू येत नाही. मार्ग आहे का?
— एक आजोबा, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : सर, तुमच्या हाताचा दोष नाही, चौकटच रोमन अक्षरांच्या मापाची आहे. आठ ओळींतली एक शिरोरेखेला गेली, दोन वेलांटी-मात्रांना, दोन उकाराला. 'क'च्या वाट्याला तीन उरल्या. तीन ओळींत 'क' आणि 'फ' यांत फरक करून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

उंची १६ घ्या, म्हणजे एकावर एक दोन टाइल. वर ४, शिरोरेखेला १, अक्षराला ८, खाली ३. आठ ओळींत 'ज्ञ'सुद्धा उभा राहतो. रुंदीत मात्र टाइलची कुंपणं पाळू नका. 'र' पाच ठिपक्यांत होतो, काना दोन-तीन ठिपक्यांत, 'क्ष'ला नऊ लागतात. प्रत्येकाला आठ दिले तर शब्दात फटी पडतात आणि शिरोरेखा ताणून ताणून जोडावी लागते.

जीबी स्टुडिओचा फॉन्ट ८ ठिपके उंचीच्या पलीकडे जात नाही. तेव्हा तिथे उपाय हाच की आजीचं बोलणं चित्र म्हणून द्यायचं. सबंध पडद्याच्या रुंदीची एक ओळ म्हणजे २० स्तंभ गुणिले २, चाळीस टाइल. १९२ च्या मर्यादेत अशा चार ओळी बसतात आणि ३२ टाइल चौकटीच्या वेलबुट्टीला उरतात. चार ओळींत आजीला जे सांगायचं ते सांगता यायला हवं. आजीला नसेल जमत तर नातवाने तिला दुसऱ्या दृश्यात पाठवावं. असं महत्त्वाच्या प्रसंगांपुरतं केलंत, आणि ती अक्षरं तुमच्या हातची असली, तर फॉन्टपेक्षा देखणं दिसेल.

गेमभर मराठी हवी असेल तर नातवाला जीबीडीकेकडे यावं लागेल. तिथे अक्षरांचे तुकडे साठवून पडद्यावर ठिपका ठिपका पुढे सरकत जोडता येतात. तुकडे कोणते ते ठरवणं हे तुमचं काम. काना असलेली अक्षरं (ग, त, न, प, म, स) सोयीची : काना काढला की अर्धं अक्षर तयार. 'क' आणि 'फ' यांचे अर्धे आकार वेगळे काढा. ट, ठ, ड, ढ, द यांना पाय मोडूनच लिहा. क्ष, ज्ञ, त्र, श्र अख्खे ठेवा. रफार, अनुस्वार, चंद्र, मात्रा हे सगळे वरच्या चार ओळींतले सुटे तुकडे. असे दीडशे आकार धरले तरी ८ रुंद, १६ उंच, ठिपक्याला एक बिट या दराने प्रत्येकी १६ बाइट, एकूण २,४०० बाइट. गेमबॉयला हे काहीच नाही. जे आकार आठहून रुंद आहेत ते दोन तुकड्यांत.

एक गोष्ट नातवाला आधीच सांगा. कॉम्प्युटरमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग पहिली वेलांटी येते, आणि 'सूर्य' मधला रफार तर 'य'च्या आधी येतो. गेमबॉयला ही उलटापालट करायला लावू नका. पायथनमधली चार ओळींची स्क्रिप्ट कॉम्प्युटरवरच मजकूर दिसतो त्या क्रमाने लावून देईल, आणि गेमबॉय नुसते डावीकडून उजवीकडे तुकडे ठेवत जाईल. चार ओळींची म्हटलं, होईल चाळीसची. पण ती एकदाच लिहायची असते.

तुमची आलेख वही बघायला मिळाली तर आवडेल.

प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्र रात्र जागून चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमसाठी प्रोग्राम लिहितो. याचा नोकरीत काही उपयोग? आणि हे कायद्यात बसतं ना?
— एक आई, वर्तकनगर

उत्तर : कायद्याचं आधी. स्वतः लिहिलेला गेम त्याचा स्वतःचा. इम्युलेटर वापरणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याचा गेम फुकटात उतरवून घेणं हा मात्र कॉपीराइटचा भंग, मग तो गेम बाजारातून कधीचा गेलेला का असेना. १९५७ च्या आपल्या कायद्यात हे संरक्षण साठ वर्षांच्या हिशोबाने चालतं, तेव्हा १९८० च्या दशकातलं काहीही अजून मोकळं झालेलं नाही. चित्रं आणि गाणीही दुसऱ्याची उचललेली नकोत. सिनेमाच्या गाण्याची चाल घेऊन गेम विकायला काढला तर पंचाईत.

नोकरीबद्दल शब्द देत नाही, पण एक तुलना सांगते. कॉलेजच्या लॅबमध्ये जो आर्डुइनो उनो असतो त्यावर एटीमेगा३२८पी ही चिप आहे : २ केबी रॅम, ३२ केबी फ्लॅश. तुमचा मुलगा ज्या मशीनवर जागतो त्यात २ केबी रॅम, आणि सगळ्यात साध्या कॅसेटीत प्रोग्रामला ३२ केबी. आकडे तेच. आमच्याकडे मुलाखतीला येणारी मुलं इंटरप्टची (प्रोसेसरला मध्येच थांबवणाऱ्या इशाऱ्याची) व्याख्या घडाघडा म्हणतात, पण इंटरप्ट आला तेव्हा अर्धवट लिहिलेल्या चलाचं काय होतं, हे विचारलं की छताकडे बघतात. एनएमआयमध्ये एकदा हात पोळलेल्या पोराला ते विचारावं लागत नाही. त्याला सांगा, बायोडेटात 'गेम बनवला' एवढंच लिहू नकोस. किती सायकलांत काय बसवलं ते लिही.

रात्रीच्या जागरणाबद्दल मी बोलणार नाही. ते खातं तुमचं.

प्रश्न : एआयकडून गेमबॉयची असेम्ब्ली लिहून घेतली. असेम्ब्लर आरजीबीडीएस निम्म्या ओळी नाकारतो. कोणावर विश्वास ठेवू?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : असेम्ब्लरवर. गेमबॉयचा प्रोसेसर झेड८० या जुन्या प्रोसेसरसारखा दिसतो पण झेड८० नाही. त्याला आयएक्स, आयवाय ही रजिस्टरं नाहीत, ईएक्सएक्स नाही, इन आणि आउट नाही. एआयने तुम्हाला झेड८० वर चालणाऱ्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा कोड गेमबॉयच्या नावावर खपवलेला दिसतो. नाकारलेल्या ओळींपेक्षा स्वीकारलेल्या ओळी जास्त बारकाईने वाचा.

प्रश्न : वेळ फक्त शनिवार-रविवार. सी चांगलं येतं, असेम्ब्ली शिकायची इच्छा नाही. कुठलं यंत्र धरू?
— खारघर

उत्तर : सेगाचा मेगा ड्राइव्ह. ६८००० प्रोसेसर, ७.६७ मेगाहर्ट्झ, ६४ केबी रॅम, आणि एसजीडीके हे सीचं तयार किट. चित्र आणि आवाज तेच पचवून घेतं. अटारी २६०० च्या वाटेला जाऊ नका. तिथे १२८ बाइट रॅम आहे, आणि पडद्याची प्रत्येक रेष टीव्हीच्या किरणाबरोबर धावत काढावी लागते. शनिवार-रविवार पुरत नाही.

प्रश्न : जुनी '९९९९ इन १' कॅसेट उघडून तिच्यात माझा गेम घालता येईल का? चिप्स लॅमिंग्टन रोडला मिळतील का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ती कॅसेट उघडलीत तर आत बहुतेक एक काळा डांबरासारखा ठिपका दिसेल. त्याखाली चिप थेट बोर्डावर चिकटवलेली असते, ती निघत नाही. बंद करून ठेवा. जिच्यात २८ पायांच्या दोन सुट्या चिप्स आहेत अशी साधी, एकच गेम असलेली कॅसेट शोधा. प्रोग्रामच्या जागी २७सी२५६ आणि चित्रांच्या जागी २७सी६४ जातीचे इप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप्स) बसवतात. मात्र कॅसेटीतल्या मूळ रॉमचे पाय आणि इप्रॉमचे पाय सगळेच जुळत नाहीत. मल्टीमीटर लावून बोर्डावरचा प्रत्येक पाय कॅसेटीच्या कुठल्या पट्टीला जातो ते तपासल्याशिवाय सोल्डर गन हातात घेऊ नका. चिप्ससाठी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारायला हरकत नाही, पण जाताना पुरा नंबर लिहून न्या. खिडकीवाला इप्रॉम पुसायला अतिनील दिवा लागतो. खिडकीवर नंतर स्टिकर चिकटवा.

एवढी उठाठेव नको असेल तर एव्हरड्राइव्हसारखी फ्लॅश कॅसेट. मागवताना बघून घ्या : आपल्या क्लोनला ६० पिनांची, फॅमिकॉमच्या मापाची लागते. एनईएसची (फॅमिकॉमच्याच अमेरिकन अवताराची) ७२ पिनांची असते आणि ती खाचेत शिरतच नाही. परदेशातून मागवलीत तर सीमाशुल्क वेगळं धरा. आणि कुठलीही कॅसेट काढता-घालताना आधी बटण बंद करा, लहानपणी चालूच खेचायची सवय असली तरी.